पात्याचे कौतुक, मुठीचा विसर

२०२५ च्या ऑगस्टमध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार लंडनहून मुंबईत आली. सोथबीच्या लिलावातून राज्य सरकारने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली. वर्तमानपत्रांनी तिच्यावरचे सोने आणि युरोपीय बनावटीचे सरळ, एकधारी पाते यांवर रकानेच्या रकाने लिहिले, आणि पात्यावरचा ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग’ हा लेखही छापला. मुठीबद्दल बहुतेकांनी नक्षीपुरतेच लिहिले. खरे तर ती मूठच निरखून पाहण्यासारखी आहे. मुल्हेरी घाटाची, हिरवे कापड गुंडाळलेली, आणि बोटांवरून वळत जाणारी रुंद परज असलेली. पाते परदेशातून आणवले, पण हात कसा झाकायचा हे इथल्या कारागिराने ठरवले. बंगाल-ओरिसापर्यंत फौजा नेणाऱ्या सरदाराच्या शस्त्रावर सोने चढले ते या जागीही, जिथे त्याची बोटे यायची.

आज पूर्व विदर्भातल्या आमगावात बसून ही बातमी वाचताना ती परकी वाटत नाही. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचाच होता आणि छत्तीसगडकडे जाणारी वाट याच पट्ट्यातली. आजही मुंबई-हावडा लोहमार्ग इथूनच जातो. पण या लेखाचा विषय भोसल्यांचा वैभवकाळ हा नव्हे. विषय साधा आहे: तलवार धरणाऱ्याच्या हाताचे काय होते, आणि त्याची काळजी कोणी घ्यायची.

दोन माणसे पाती घेऊन समोरासमोर उभी राहिली की सगळ्यात पुढे असतो तो हात. छाती मागे, डोके मागे, मनगट आणि बोटे मात्र समोरच्याच्या टप्प्यात. आपल्या इतिहासाने हे नोंदवून ठेवले आहे, आपणच ते पराक्रमाच्या भरात वाचत नाही. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात शायिस्ताखानाच्या जिवावर बेतले ते बोटांवर निभावले, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. सिंहगडावर १६७० मध्ये तानाजीच्या हातातली ढाल तुटली. दुसरी ढाल वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्याने डाव्या हाताचीच ढाल करून त्यावर वार झेलले, असे कृष्णाजी अनंत सभासद सांगतो. सभासदाने ही बखर जिंजीला, घटनेनंतर पाव शतकाने लिहिली. त्याला शौर्य सांगायचे होते आणि ते त्याने सांगितले. पण त्याच वाक्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. साहित्याने दगा दिला, बदली साहित्य जागेवर नव्हते आणि त्याची भरपाई माणसाच्या हाताने केली. गड आला पण सिंह गेला, हे आपण पिढ्यानपिढ्या म्हणत आलो. ढाल का तुटली, हे फारसे कोणी विचारले नाही.

एकोणिसाव्या शतकातला एक पुरावा तर अंगावर काटा आणणारा आहे. कॅप्टन नोलन या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्याचे घोडदळावरचे पुस्तक १८५३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात निजामाच्या घोडेस्वारांनी केलेल्या एका चकमकीनंतर डॉक्टरने केलेली जखमांची यादी दिली आहे. खांद्यापासून तुटलेला हात, धडावेगळे झालेले शीर, गुडघ्याच्या वर कापलेला पाय. आणि एका माणसाचे दोन्ही हात मनगटाच्या वरून गेलेले, बहुधा एकाच वारात, कारण डोके वाचवायला त्याने ते वर उचलले होते. नोलनला वाटले, या तलवारी काही वेगळ्याच असणार. चौकशी केली तर ती इंग्रजांनीच टाकून दिलेली जुनी पाती निघाली! स्वारांनी त्यांना देशी मुठी बसवल्या, वस्तऱ्यासारखी धार लावली आणि लाकडी म्यानात जपून ठेवली. इंग्रज शिपायाची तलवार लोखंडी म्यानात घासून घासून बोथट होत असे. पाते तेच, फरक देखभालीचा. नोलन हे धारेबद्दल शिकला. मला त्या वर उचललेल्या दोन हातांबद्दल बोलायचे आहे, कारण आजच्या तलवारबाजीच्या खेळातही डोक्यावर वार आला की हात तसाच वर जातो.

हातच आधी सापडतो, हे कारागिरांना ठाऊक होते. नेहमीच्या तलवारीची मूठ तळहाताला घट्ट बसते, मागची वाटी मनगटाला टेकते आणि हात पकडीतच राहतो. बोटांसमोर मात्र आडव्या दांडीखेरीज काही नसते, परज असली तर असली. याच्या दुसऱ्या टोकाला दांडपट्टा. त्यात हात कोपराच्या जवळपासपर्यंत लोखंडी नळीत जातो आणि आतली आडवी मूठ धरायची. बोटे, मनगट, अर्धा हात सगळे झाकलेले. किंमत एवढीच, की मनगट वळवण्याचे सुख गेले आणि सगळा वार खांद्यातून, कमरेतून, अंग फिरवून काढावा लागतो. पट्टेकरी गोल गिरक्या घेतो त्या दिसायला देखण्या म्हणून नव्हे, त्याच्याकडे दुसरा मार्गच नाही. २०२४ च्या शिवजयंतीला राज्य सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. हात झाकण्याचा इतका विचार केलेल्या शस्त्राची निवड झाली, हा योगायोग असला तरी मला आवडला.

तालमींनी शिकवण्याच्या बाबतीत याहून शहाणपण दाखवले होते. तलवार शिकायला आलेल्या पोराच्या हाती पहिल्या दिवशी पोलाद कोणी देत नसे. आधी काठी, मग फरी-गदका. गदका म्हणजे चामडे चढवलेली काठी, फरी म्हणजे लहानशी चामडी ढाल. चुकला तर बोट सुजेल, तुटणार नाही. पवित्रे अंगात भिनले, हात आपोआप आड जायला लागला की मग धातू. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून विदर्भात अशा विद्यांना घर दिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिके तिथे करून दाखवली. बडोद्याहून निघालेल्या व्यायाम ज्ञानकोशाने हे सगळे डाव-पवित्र्यांसह छापून ठेवले. म्हणजे परंपरा तोंडी राहून हरवली, ही सबबही आपल्याला नाही.

आता आजच्या तलवारबाजीतल्या सेबर या प्रकाराकडे येऊ. १८९६ च्या पहिल्या अथेन्स ऑलिंपिकपासून हा प्रकार खेळात आहे. फॉइल आणि इपी ही टोचण्याची शस्त्रे, सेबर कापण्याचे आणि टोचण्याचे. मुळात घोडेस्वाराची तलवार, म्हणून कमरेच्या वरचे अंग, डोके आणि हात हे लक्ष्य. पाते जास्तीत जास्त ८८ सेंटिमीटर, सगळे शस्त्र ५०० ग्रॅमच्या आत. गार्ड एकसंध पत्र्याचा, बाहेरून गुळगुळीत, आणि तो बोटांवरून वळून मुठीच्या टोकाला मिळतो. मुल्हेरी मुठीची परज ज्याने पाहिली त्याला हे वळण ओळखीचे वाटेल. बार्सिलोनाला १९९२ मध्ये सेबरला ऑलिंपिकमध्ये वार नोंदवणारे विजेचे दिवे लागले, २००४ मध्ये अथेन्सला महिलांचे सेबर आले आणि टोकियोला २०२१ मध्ये चेन्नईची भवानी देवी या मंचावर उतरणारी पहिली भारतीय तलवारबाज ठरली. पहिली लढत १५-३ ने जिंकली, दुसरीत फ्रान्सच्या मानाँ ब्रुने हिच्याकडून ७-१५ ने हरली. तिचे शस्त्र सेबरच.

हाताला इजा होते ती मुख्यतः दोन वाटांनी. पहिली रोजची. बचाव करताना हात थोडा पुढे गेला किंवा डोक्यावरचा वार अडवताना मूठ तिरपी झाली, की समोरचे पाते गार्डच्या कडेवरून घसरून अंगठ्यावर किंवा बोटांच्या पेरांवर बसते. नख काळे पडते, पेर सुजते, कधी सांधा सरकतो. जाड, अस्तर लावलेला हातमोजा असेल तर हे सरावाच्या गोष्टीत जमा होते. दुसरी वाट क्वचितची, पण घातक. सेबरमध्ये पाते पात्यावर आपटत राहते, वाकते, पुन्हा सरळ होते. एका ठिकाणी बारीक चीर पडते, गंज तिला मदत करतो आणि एखाद्या वाराला पाते मोडते. खेळणारा वेगात असतो, तो थांबेपर्यंत मोडक्या पात्याचे टोकदार बूड पुढे गेलेले असते. म्हणूनच हातमोज्याचा काठ बाहीच्या वरून मनगट आणि कोपर यांच्या निम्म्यापर्यंत आला पाहिजे, असा नियम आहे. बाहीचे तोंड उघडे राहिले तर पाते थेट आत शिरते.

हे नियम कोणाच्या कल्पनेतून उतरलेले नाहीत. १९८२ च्या जुलैमध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत पश्चिम जर्मनीच्या मथियास बेहरचे फॉइल मोडले आणि तुटके टोक मॉस्को ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता व्लादिमीर स्मिर्नोव्ह याच्या मास्कची जाळी भेदून मेंदूत गेले. काही दिवसांत तो गेला. त्यानंतर मास्क बदलले, पोलाद बदलले, पोशाखाच्या कापडाची मजबुती न्यूटनमध्ये मोजली जाऊ लागली. आज आंतरराष्ट्रीय सेबरमध्ये हातमोजाही ८०० न्यूटनचा लागतो. हाताची पाळी धड आणि डोक्याच्या बऱ्याच नंतर आली, हे मात्र ध्यानात घेण्यासारखे आहे. हात गेल्याने सहसा माणूस मरत नाही, म्हणून त्याचा नियम शेवटी होतो.

आमगावकरांना यात नवे काही नाही. आमच्याकडे दिवाळीच्या पुढेमागे धान कापणी सुरू झाली की विळा लागलेली बोटे गल्लोगल्ली दिसतात. धान चुरायला थ्रेशर आले तेव्हा पेंढी आत ढकलताना हातही जाऊ लागले. संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा कायदा केला तो या थ्रेशरसाठीच. पेंढी सरकवायची घसरण इतकी लांब आणि वरून झाकलेली हवी, की हात फिरत्या दातांपर्यंत पोहोचूच नये. पत्र्याचा एक तुकडा, बस. तो बसवायला कायदा लागला आणि कायदा होऊनही जुनी यंत्रे झाकणावाचून चालत राहिली, कारण झाकणाने काम थोडे हळू होते.

तलवारबाजी आता शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत आहे. जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडी आहे, वाढीव गुण आहेत आणि पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. आडवळणाच्या तालुक्यातल्या पालकाला हा खेळ कळतो तो या शेवटच्या वाक्यातून आणि त्यात गैर काही नाही. पण याच घाईत पोरीच्या हाती पहिल्याच महिन्यात पोलाद येते. मास्क तिघींत एक, हातमोजा आदल्या वर्षीच्या खेळाडूचा, अंगठ्याशी उसवलेला. हे कुठल्या एका शाळेचे चित्र नाही. जिथे खेळ साहित्याच्या आधी पोहोचतो तिथे ते असेच दिसते. नाटककार भवभूतीचे गाव मानल्या जाणाऱ्या पद्मपूरच्या शेजारी राहणाऱ्यांना नाटकातली तलवार नवी नाही. त्याच्या मालतीमाधवातला माधव स्मशानात अघोरघंट या कापालिकाशी लढतो आणि कवी त्याला धडधाकट परत आणतो. आठवीतल्या मुलीच्या मागे असा कवी नसतो.

तेव्हा मागणी थोडी रुक्ष वाटली तरी चालेल. हातमोजा, मास्क आणि जॅकेट या शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत चढलेल्या वस्तू असाव्यात, पालकाच्या ऐपतीवर सोडलेल्या नसाव्यात. पहिले काही महिने प्लास्टिकचे किंवा लाकडाचेच शस्त्र, तालमीत असे तसे. जिल्हा स्पर्धेच्या टेबलावर प्रवेशअर्जाबरोबर साहित्यही तपासले जावे: पात्यावरून नख फिरवून चीर लागते का, मास्कची जाळी दबली आहे का, हातमोज्याचा काठ मनगट आणि कोपर यांच्या निम्म्यापर्यंत येतो का. नापास साहित्याचा खेळाडू बाद करू नये, त्याला तिथल्या तिथे दुसरे द्यावे. म्हणजे आयोजकांकडे जादा संच हवेत. पैशाचा प्रश्न निघेलच. व्यायामशाळा विकासाच्या नावाने गावोगावी साहित्य पुरवणारी सरकारी योजना अनेक वर्षे चालू आहे आणि चौकाचौकांत ओपन जिमची रंगीत यंत्रे उभी आहेत, त्यांतली काही गंजलेली, काहींवर कपडे वाळत घातलेले. त्यांतल्या एका यंत्राच्या खर्चात एका शाळेचे सगळे हातमोजे आरामात बसतील.