मातीचा विटाळ कुणी केला?



माझ्या बापाची नखं निळी होती. आपला झेंडा निळा म्हणून सांगत नाही. मोरचुदानं निळी होती.

बीड जिल्ह्यातल्या एका बागायतदाराकडं तो सालानं होता. मोसंबीला डिंक्या लागला की मोरचूद आणि चुना कालवायचा, बोर्डो करून बुंध्याला फासायचं, पंप पाठीवर घेऊन झाडावर मारायचं. काठी सापडली नाही तर बाप हातानंच ढवळायचा. हातमोजे फक्त पुड्यावरच्या चित्रातल्या माणसाला होते. मालक बांधावरनं ओरडायचा, "मार रे, ते काय जहर हाय व्हय?" त्याच हातानं बाप भाकर मोडायचा. अर्धी मला द्यायचा.

शहरातली आपली पोरं म्हणतात, "जमीन त्यांची, बाग त्यांची, फळ त्यांचं. आपला काय संबंध?"

संबंध सांगतो. धातू मरत नाही. हे एक वाक्य डोक्यात ठोकून घ्या. तांबं कुजत नाही, शिसं कुजत नाही, कॅडमियम कुजत नाही. दर फवारणीचं तांबं पानावरनं ओघळतं आणि मातीच्या वरच्या थरात बसतं. ते वाढत गेलं की गांडूळ मरतं. स्फुरदाच्या खतात कॅडमियम मुळातल्या खडकातूनच येतं. पोत्यावर नत्र-स्फुरद-पालाशचे आकडे छापतात, याचा नाही. युरोपनं २०२२ पासून त्याला हद्द घातली : किलोभर स्फुरदामागं ६० मिलिग्रॅम. अमेरिकेत सफरचंदाच्या बागांवर शिसं आणि आर्सेनिकचं औषध मारत होते. १९८८ मध्ये बंदी आली. औषध गेलं, शिसं अजून त्या मातीतच आहे.

विद्यापीठातले साहेब म्हणतील, मराठवाड्याची काळी माती चुनखडीची, ती धातू धरून ठेवते, फळात सहजी चढू देत नाही. कबूल. पण धरून ठेवलं म्हणजे फिटलं का? सावकारही वही धरूनच ठेवतो.

आणि मातीत उतरायच्या आधी हे माणसात उतरतं. १९६९ साली पोर्तुगालच्या डॉक्टरांनी द्राक्षबागेत बोर्डो मारणाऱ्या मजुरांची फुप्फुसं तपासली. आत निळसर डाग! त्या रोगाला नाव मिळालं, 'द्राक्षबाग फवारणाऱ्याचं फुप्फुस'. माझा बाप खोकून खोकून मेला. त्याच्या रोगाला गावानं नाव दिलं, 'बिडी'.

सरकारनं २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिका काढली. बारा रकाने. तांबं आहे, पण पिकाला कमी पडतंय का एवढंच बघायला. कॅडमियम, शिसं, आर्सेनिक यांना रकानाच नाही. आणि पत्रिका मिळते ज्याच्या नावावर सातबारा त्याला. जो पाठीवर पंप वाहतो त्याच्या रक्ताची पत्रिका कुठाय?

बालाघाटच्या खडकाळ माळावर सीताफळ कुणाच्या मोरचुदावर वाढलं नाही. आपल्या मायबहिणींनी ते पाट्या भरून विकलं. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. आता बाजार आला. बाजाराच्या मागनं पंप येतो.

१९२७ साली महाडला आपण चवदार तळ्याचं पाणी प्यालो, तर यांनी शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. आपल्या ओंजळीनं पाणी बाटलं म्हणे! आता आम्ही विचारतो, या मातीचा विटाळ कुणी केला? कॅडमियम कोणत्या घागरीनं धुणार?

१९५९ ला आणि १९६४ ला दादासाहेब गायकवाडांच्या मागं आपली माणसं जमिनीसाठी तुरुंगात गेली. मराठवाड्यात गायरानासाठी डोकी फुटली. उद्या ती जमीन हातात येईल तेव्हा पिळून टाकलेला चोथा आला तर? बलुत्यात शिळं घेतलं ते आपल्या आज्यानं. आपण मेलेली माती घेणार नाही.

तेव्हा पोरांनो, गावी गेलात की नुसतं जयंतीला नाचून येऊ नका. मागा : पत्रिकेत कॅडमियम, शिसं, आर्सेनिकचा रकाना. खताच्या पोत्यावर कॅडमियमचा आकडा. फवारणाऱ्याला मालकाच्या पैशानं हातमोजे, मुखवटा, आणि दर साली छातीची तपासणी. देत नसेल तर पंप त्याच्याच पाठीवर टाका.

घेऊ दे एक दिवस. म्हणू दे मग, जहर नाही म्हणून.