विसरणं त्याचं, सांभाळणं तिचं

सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा २०१३ चा ‘अस्तु’ स्वप्नासारखा उलगडतो. स्मृती हरवलेले संस्कृतचे पंडित हत्तीमागे चालत जातात आणि माहुताच्या बायकोला, चन्नम्माला, ‘आई’ म्हणू लागतात. ती त्यांना लेकरासारखं सांभाळते. सगळे गहिवरतात. मी तेरची, मला राग आला.

आमच्या गोरोबाकाकांची कथा सर्वांना पाठ आहे. बायको पाण्याला गेली, आणि नामात दंग होऊन चिखल तुडवताना लेकरू पायाखाली गेलं. त्या विसरण्याला आपण भक्ती म्हणतो. घागर घेऊन परतलेल्या आईचा हंबरडा कीर्तनात झटकन संपतो. तीच मूल विसरली असती, तर तिला कोणी संत म्हटलं असतं?

पंडितांचा तो आजार, त्यांना दोष नाही. पण पुरुषानं विसरावं आणि बाईनं सांभाळावं, ही वाटणी कोणी केली? बाईच्या मायेला ‘निसर्ग’ म्हटलं की मजुरी द्यावी लागत नाही. चन्नम्मा साकारणाऱ्या अमृता सुभाषला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, योग्यच झालं. घरोघरच्या चन्नम्मांचं काय?

गटात ‘अस्तु’ जरूर दाखवा. मग डोळे पुसा आणि विचारा, म्हाताऱ्या आईबापाच्या उशाशी बसायची भावाची पाळी कधी?