निरोपाची वेस

निघणाऱ्या माणसाला वेशीपर्यंत पोचवायला जाण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. निघणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, आणि पोचवणारा वेशीपासून मागे फिरतो. आमच्या जानेफळात ही वेस केव्हाच एस.टी.च्या थांब्यावर आली. ज्यांची मुले परदेशी शिकायला निघतात त्यांच्यासाठी तर ती विमानतळाच्या प्रस्थानद्वारासमोरच्या रस्त्याच्या कडेला जाऊन पोचली आहे. बुलडाणा जिल्ह्यातून प्रवासी विमान सुटत नाही. एका अंगाला छत्रपती संभाजीनगर, दुसऱ्या अंगाला नागपूर आणि परदेशचे विमान म्हटले की बहुधा मुंबई. इतक्या दूरच्या वेशीवर निरोपाला किती वेळ मिळावा, हा या लेखाचा विषय आहे.

काही वर्षांपूर्वी माझा पुतण्या शिक्षणासाठी परदेशी निघाला, तेव्हा आम्ही सहाजण रात्रभर प्रवास करून एका मोठ्या विमानतळावर पोचलो. वहिनींनी सोबत दह्याचा लहानसा डबा घेतला होता. घरच्या उंबऱ्यावर हातावर ठेवलेले दही त्यांच्या लेखी अर्धेच होते. खरे निघणे विमानतळाच्या दारातून, म्हणून उरलेले तेथे द्यायचे. गाडी थांबली, टपावरच्या बॅगा उतरवल्या आणि तेवढ्यात शिट्टी वाजली. "काका, गाडी पुढे घ्या!" ड्रायव्हरने गाडी पुढे घेतली, आम्ही घाईने तिच्यात चढलो. लांबचा वळसा घालून, वाहनतळावर गाडी लावून पायी परत येईपर्यंत पुतण्या आत गेला होता. आत जायला तिकीट लागते. दह्याचा डबा तसाच जानेफळला परत आला.

शिट्टी वाजवणाऱ्यावर माझा राग नाही. तो नियम निष्कारण झालेला नाही, हे मान्य केलेच पाहिजे. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत उभ्या वाहनांमधून स्फोट घडवले गेले. २५ ऑगस्ट २००३ रोजी गेटवे ऑफ इंडिया आणि झवेरी बाजार येथे ज्या स्फोटांत माणसे गेली, ते टॅक्सींत ठेवलेले होते. डिसेंबर १९९९ मधील विमान-अपहरणानंतर, २००० सालापासून, आपल्या विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागली. ३० जून २००७ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो विमानतळाच्या दारावर पेटती जीप घालण्यात आली. दारासमोर विनाकारण उभी राहिलेली गाडी संशयास्पद ठरते, ती या इतिहासामुळे. शिवाय साधा हिशेबही आहे. जेथे प्रत्येक गाडीने दोन मिनिटे थांबायचे तेथे एक गाडी दहा मिनिटे थांबली, तर ती पाच गाड्यांची जागा खाते.

तरीही वर्गात 'शाकुंतल'चा चौथा अंक आला की मला तो डबा आठवतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून ही कथा मराठी प्रेक्षकाच्या घरचीच झाली आहे. कालिदासाच्या नाटकात कण्व शकुंतलेला पोचवायला निघतात, तेव्हा शार्ङ्गरव त्यांना थांबवतो. आपल्या माणसाला पाण्याच्या काठापर्यंतच पोचवावे असा संकेत आहे. हे सरोवर आले, येथे निरोप सांगून परतावे, असे तो सुचवतो. म्हणजे निरोपाला मर्यादा तेथेही आहे, आणि ती सांगणाराही आहे. पण ती कळल्यावर कण्व झाडाच्या सावलीत थांबतात, दुष्यंतासाठी निरोप देतात, मुलीला उपदेश करतात. पुढे सूर्य वर चढल्याचे सांगून शार्ङ्गरव पुन्हा घाई करतो. परंतु तोवर सांगायचे ते बहुतेक सांगून झालेले असते. मर्यादा कोठे आहे हे आधी कळणे, आणि तिच्या अलीकडे थोडी सावली मिळणे, या दोन गोष्टी कण्वांना लाभल्या. आम्हाला त्या लाभल्या नाहीत.

विमानतळाच्या कडेला तीन वेगळी कारणे एकाच शिट्टीत मिसळली आहेत, असे मला वाटते: धोका, गर्दी आणि महसूल. ज्या गाडीचे थांबणे खरोखर धोक्याचे आहे, ती पैसे भरल्याने निर्धोक होत नाही. आणि जादा मिनिटांचे पैसे घेऊन जिला थांबू दिले जाते, तिचा प्रश्न सुरक्षेचा नसून जागेचा आहे. जागेचे भाडे घेण्यात गैर काही नाही, फक्त त्याला सुरक्षा म्हणू नये. भाषेच्या शिक्षकाला ही बाब क्षुल्लक वाटू शकत नाही. 'सुरक्षा' हा शब्द दंडाच्या पावतीसाठी वापरला गेला, की लोक त्या शब्दाशीही घासाघीस करू लागतात. मग खऱ्या इशाऱ्याच्या वेळी त्यावर विश्वास कोण ठेवणार?

या नियमाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हेही ध्यानात घ्यावे. दरमहा विमानाने फिरणारा एकटाच टॅक्सीतून उतरतो आणि आत जातो. भार पडतो तो आयुष्यात एकदाच तेथे येणाऱ्या, पाट्या वाचायला वेळ लागणाऱ्या, सहा माणसांच्या कुटुंबावर.

उपाय अवघड नाहीत. किती मिनिटे थांबता येईल, त्यानंतर काय होईल आणि निरोप द्यायचा असेल तर गाडी कोठे न्यावी, हे चढणीच्या रस्त्याला लागण्यापूर्वीच ठळक मराठीत लिहावे. अमेरिकेतील कित्येक विमानतळांनी येणाऱ्या प्रवाशाचा फोन येईपर्यंत गाडीतच थांबण्यासाठी थोड्या अंतरावर विनामूल्य जागा ठेवल्या आहेत. तशीच सोय जाणाऱ्यांच्या माणसांसाठी व्हावी: पहिला अर्धा तास विनामूल्य, बसायला बाक, आणि तेथून दारापर्यंत म्हाताऱ्या माणसाला चालवेल असा छपराचा रस्ता. दारासमोरची कडा मोकळी ठेवण्याचा हा शिट्टीपेक्षा खात्रीचा मार्ग आहे, कारण थांबायला जागा असली की माणसे नको तेथे रेंगाळत नाहीत.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला. तो मेहकरावरूनच जातो, त्यामुळे आमची मुंबईची वाट लहान झाली आहे. पुढच्या वर्षी माझी पुतणीही बाहेर शिकायला जाईल असे दिसते. वाटेत वाचलेल्या वेळातली दहा मिनिटे तिच्या आईला विमानतळाच्या दारापाशी मिळावीत, एवढेच मागणे आहे.