हिरवा दिवा कोणासाठी?

जालना रोडवर क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल, सिडको असे उड्डाणपूल झाले. तरी सिग्नलला आपण थांबतोच! सिमेंट ओतून झालं, आता थोडं डोकं वापरूया.

दोन सिग्नल ६०० मीटरवर असतील, तर ताशी ४० कि.मी. वेगाने ५४ सेकंद लागतात. पुढचा सिग्नल तेवढ्याच उशिरा हिरवा झाला, की गाडी न थांबता पुढे. गणित शाळेतलंच आहे.

पण मला विचाराल, तर पहिला हक्क बसचा. आपली स्मार्ट सिटी बस जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाली. बस कुठे आहे हे जी.पी.एस.ने सिग्नलला कळलं, तर चाळीस माणसांसाठी हिरवा दिवा आठ-दहा सेकंद लांबवता येतो. लंडनमध्ये हे कित्येक वर्षं चालू आहे. एकट्याची कार थांबेल की तेवढी! रस्ता ओलांडणाऱ्यांची वेळ मात्र कापायची नाही.

बस वेळेवर आली, तर संध्याकाळी प्रॅक्टिकल संपवून निघालेल्या मुलीला शेअर रिक्षात कोंबून बसावं लागणार नाही. फायनल इयरवाल्यांनो, बाजारातून तयार प्रोजेक्ट आणण्यापेक्षा हा विषय घ्या ना!