मोठी डिस्क आणि बिनब्रेकची ट्रॉली

गाडीला मोठे ब्रेक बसवण्याचं वेड आता बीडसारख्या जिल्ह्यातही पोहोचलं आहे. जुनी हॅचबॅक घ्यायची, मागे पंख लावायचा, सायलेन्सर बदलायचा, आणि चाकाच्या जाळीतून दिसेल अशी मोठी डिस्क टाकायची. ज्यांना डिस्क परवडत नाही ते कॅलिपरवर लाल प्लास्टिकचं झाकण चिकटवतात. वर्गात माझ्यासमोर बसलेली पोरंच आज गॅरेजवर ही कामं करतात. त्यांच्यातला एक मला म्हणाला, ‘‘सर, बडी डिस्क डाले तो गाडी जगा पे रुकती.’’

रुकत नाही, बेटा. गाडी शेवटी थांबवतो तो टायर, रस्त्यावरच्या त्याच्या पकडीने. जोरात ब्रेक मारल्यावर आजचीच डिस्क चाक जाम करण्याइतकी ताकद देत असेल किंवा एबीएस थरथरत असेल, तर पकड तिथेच संपली. त्यापुढे डिस्क ताटाएवढी केली तरी अंतर कमी होणार नाही. मोठ्या डिस्कचा खरा उपयोग उष्णतेसाठी. वेग दुप्पट झाला की थांबवताना जिरवायची ऊर्जा चौपट होते, आणि ती सगळी डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता होऊन जाते. पुन्हा पुन्हा जोरात ब्रेक मारला की पॅड तापतात, तेल उकळतं, पेडल खाली बसतं. शर्यतीच्या गाडीला मोठी डिस्क लागते ती यासाठी. 1953 साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार जिंकली, त्यात डिस्क ब्रेकचा मोठा वाटा होता. बाकीच्यांचे ड्रम तापून ढिले पडत होते.

बीड ते गेवराई रस्त्यावर कोणती शर्यत आहे? उलट नुसती पुढची डिस्क वाढवली की पुढच्या-मागच्या ब्रेकचा कंपनीने बसवलेला तोल बिघडतो. त्याच पैशात चार चांगले टायर, नवं ब्रेक ऑइल आणि अस्सल पॅड आले असते. पण टायर फोटोत चमकत नाही. आणि मोठा ब्रेक बसला की पोरगा हळू चालवत नाही, अजून दाबतो. ‘पैसा आमचा, गाडी आमची’ असं तो म्हणेल. रस्ता मात्र त्याचा एकट्याचा नाही.

तरी माझा राग पोरांवर कमी आहे. राग आहे तो याच रस्त्यावर दसरा-दिवाळीनंतर जे धावतं त्यावर. एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. ट्रॉलीत पत्रे, भांडी, शेळी, म्हातारी, कडेवरचं लेकरू, कोयता गुंडाळलेलं फडकं. ही आमच्या जिल्ह्याची ऊसतोड टोळी, पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकात निघालेली. आठवड्याभराने माझ्या हजेरीपत्रकात त्यांच्या पोरांच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा सुरू होतात. हंगामी वसतिगृहात काही राहतात, बाकीची त्या ट्रॉलीत असतात.

त्या ट्रॉल्यांना बहुतेक वेळा स्वतःचा ब्रेकच नसतो. दोन-सव्वादोन टनांच्या ट्रॅक्टरने मागचं सगळं ओझं थांबवायचं. हंगामात त्याच दोन ट्रॉल्यांत वीस टनांच्या आसपास ऊस भरतात, म्हणजे थांबवणाऱ्याच्या जवळपास दहापट वजन मागून ढकलतंय. धारूरच्या घाटात उताराला ट्रॅक्टरचा ब्रेक लागतो, ट्रॉली थांबत नाही, ती आडवी येते आणि ट्रॅक्टरलाही घेऊन जाते. मोठ्या, थंड राहणाऱ्या, ताकदवान ब्रेकची गरज या जिल्ह्यात कुणाला असेल तर ती इथे आहे. आणि इथे साधा ब्रेकसुद्धा नाही.

लगेच उत्तर येतं की खर्च कोण करणार, ट्रॅक्टरमालक आधीच कर्जात आहे. मालक कर्जात आहे हे खरं. पण साखर कारखाना त्याच्याशी आणि मुकादमाशी करार करतो, लाखांची उचल देतो, कोऱ्या कागदावर सह्या-अंगठे घेतल्याच्या तक्रारीही जुन्याच आहेत. काट्यावर प्रत्येक ट्रॉली तोलली जाते, किलोचा हिशेब होतो. ज्या फाटकावर ट्रॉलीचं वजन बघता येतं तिथे तिचा ब्रेक बघता येत नाही? युरोपात जड ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक लागतोच. तो हवेचा असतो नाहीतर तेलाचा. हे काही चंद्रावरचं यंत्र नाही, ट्रकच्या मागच्या धुऱ्यावर काम करणारा आपला कुठलाही मिस्त्री ते समजू शकतो. कारखान्याने उचलीतली काही रक्कम ब्रेकसाठी राखून ठेवावी आणि बिनब्रेकच्या ट्रॉलीशी करार करू नये. दोन हंगामांत चित्र पालटेल.

रस्त्यावरचा मृत्यू काय असतो हे बीडला नव्याने सांगायला नको. गोपीनाथराव मुंडे 2014 मध्ये दिल्लीच्या रस्त्यावर गेले, विनायक मेटे 2022 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर. एकाची चौकशी सीबीआयने केली, दुसऱ्याची सीआयडीकडे गेली. व्हायलाच हवी होती. ट्रॉली उलटून तोडणी कामगार गेला की आतल्या पानावर चार ओळी येतात आणि त्यात शेवटी ‘चालकाचा ताबा सुटला’ असं असतं. मुळात ताबा होता कुठे, हे कुणी विचारत नाही.

आपल्या मोहल्ल्यातही विचारत नाही. जनाज्याहून परतताना ‘अल्लाह की मर्जी’ म्हणून विषय मिटवतात. उंट मोकळा सोडून तवक्कुलच्या गोष्टी करणाऱ्याला हुजूरांनी (सल्ल.) आधी उंट बांधायला सांगितलं, हा किस्सा आपण मदरशात ऐकलेला असतो. घाटात बिनब्रेकची ट्रॉली सोडणं हा मोकळा उंटच आहे, आणि त्याची दोरी ज्याच्या हातात होती त्याचं नाव घ्यायला आपण कचरतो.

म्हणून गॅरेजवरच्या माझ्या पोरांशी बोलतो. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचं ब्रेकपेडल वेगळं असतं, शेतात वळण्यासाठी. रस्त्यावर येताना दोन्ही खिटीने जोडायची असतात. न जोडता एकाच पेडलवर पाय पडला तर ट्रॅक्टर एका बाजूला फिरतो, मागच्या ट्रॉल्यांसकट. कित्येक ट्रॅक्टरांची ती खिटी तुटलेली किंवा हरवलेली असते. टोळ्या निघायच्या आधी तुमच्या दारात पंक्चरला, ऑइलला जो ट्रॅक्टर येईल त्याची खिटी बघा. नसेल तर लोखंडाच्या तुकड्यातून करून द्या, वेल्डिंगचे पैसे घेऊ नका. लाल कॅलिपरवाल्याकडून ते वसूल करा.