प्रयोगशाळेपासून पाड्यापर्यंत

शास्त्राचा तास रंगांत आलेला असतां एखादा चुणचुणीत विद्यार्थी मध्येंच उभा राहातो व विचारतो, "सर, ह्याचा उपयोग काय?" हाच प्रश्न पालक निराळ्या शब्दांत विचारतात. "हें सारें शिकून पुढें पोटापाण्याचें काय?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांस "ज्ञान हें ज्ञानासाठींच असतें" असें भारदस्त उत्तर देऊन गप्प बसविण्याची आम्हां शिक्षकांची रीत आहे. पण खरें सांगावयाचें तर ह्या उत्तरानें माझें स्वतःचेंहि समाधान कधीं झालें नाहीं. अलीकडे वैद्यकशास्त्रांत घडलेली एक गोष्ट मला ह्याहून चांगलें उत्तर वाटते. विशेष हें कीं, ती प्रश्नाचें उत्तर देते आणि लगेच आपणांसच एक अधिक कठीण प्रश्न विचारते. म्हणून ती येथें सांगण्याचें योजिलें आहे.

सिकल सेल नांवाचा एक रक्तरोग आहे. निरोगी माणसाच्या रक्तांतील तांबड्या पेशी वाटोळ्या व लवचीक असतात. केसाहून बारीक अशा रक्तवाहिनींतूनहि त्या अंग चोरून पार होतात. ह्या रोगांत त्याच पेशी आपल्याजवळील प्राणवायु देऊन टाकल्यावर ताठ होतात व विळ्याच्या पात्यासारख्या वांकतात. मग त्या वाटेंतच अडकतात, पुढच्या भागास रक्त मिळत नाहीं, आणि हाडें फुटत आहेत कीं काय अशा वेदनांनीं रोगी तळमळतो. निरोगी तांबडी पेशी सुमारें १२० दिवस टिकते. ही वांकडी पेशी १०-२० दिवसांतच मोडते. त्यामुळें अंगीं रक्त ठरत नाहीं. प्लीहा लहानपणींच निकामी होते व साध्या जंतुसंसर्गानेंहि मूल दगावतें. हा रोग दूरदेशींचा आहे असें कोणी समजूं नये. नंदुरबारच्या सातपुड्यांतील पाडे, मेळघाट, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया ह्या भागांतील आदिवासी व इतरहि समाजांतील कितीतरी घरांस त्याची ओळख आहे.

ह्या रोगाचा शोध कसा लागला तें पाहाण्यासारखें आहे. १९१० सालीं शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक ह्यांनीं, ग्रेनाडा बेटांतून शिकावयास आलेल्या एका तरुणाच्या रक्तांत ह्या विळ्यासारख्या पेशी पाहिल्याचें प्रसिद्ध केलें. १९४९ सालीं लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी ह्यांनीं दाखविलें कीं, दोष पेशींतील हीमोग्लोबिन ह्या द्रव्याच्या रेणूंतच आहे. पुढें १९५७ च्या सुमारास केंब्रिज येथें व्हर्नन इन्ग्रॅम ह्यांनीं तो दोष नेमका कोठें आहे तेंहि शोधून काढलें. हीमोग्लोबिनची एक सांखळी १४६ कड्यांची असते. त्यांतील सहावी कडी तेवढी बदललेली. बाकीच्या १४५ जशाच्या तशा! एका कडीच्या फरकानें माणसाचें सारें आयुष्य वेदनेंत जावें, हें वाचून मन थक्क होतें. परंतु रोग्याच्या दृष्टीनें पाहिलें तर ह्या थोर शोधांनीं त्याच्या पदरांत त्यावेळीं कांहींच पडलें नाहीं. चोराचें नांव, गांव, घर, सारें कळलें. पण त्याला धरावयाचें कसें, हें कोणासच ठाऊक नव्हतें.

येथें एक लहानसें निरीक्षण उपयोगीं पडलें. १९४८ सालीं न्यूयॉर्कमधील बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन ह्यांच्या ध्यानांत आलें कीं, ज्यांना हा रोग पुढें होणार तीं मुलेंहि जन्मानंतर पहिले कांहीं महिने सुखरूप असतात. आईच्या पोटांत असतांना मुलाच्या रक्तांत निराळ्या प्रकारचें हीमोग्लोबिन असतें, व त्या हीमोग्लोबिनमुळें पेशी वांकत नाहींत. जन्मानंतर तें बनविणारें जनुक नष्ट होत नाहीं. तें केवळ बंद होतें. दिवाळी संपल्यावर आकाशकंदील माळ्यावर टाकावा तसें तें आपल्या प्रत्येकाच्या पेशींत आयुष्यभर पडून असतें. तें बंद कोण करतें, ह्या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास साठ वर्षें लागलीं. २००८ सालीं बोस्टन येथील स्टुअर्ट ऑर्किन ह्यांच्या मंडळीनें दाखविलें कीं, हें काम मुख्यतः बीसीएल-११-ए नांवाच्या दुसऱ्या एका जनुकाचें आहे. आतां त्या पहारेकऱ्यास रोग्याच्या रक्तपेशींपुरतें दूर करण्याचें हत्यार तेवढें हवें होतें.

तें हत्यार कोठें सांपडावें? ह्या रोगाशीं कांहींएक संबंध नसलेल्या ठिकाणीं! १९८७ सालीं जपानांत ओसाका येथें योशिझुमी इशिनो व त्यांच्या सहकाऱ्यांना आंतड्यांतील एका सामान्य जंतूच्या जनुकद्रव्यांत तोच तो मजकूर ठराविक अंतरानें पुन्हां पुन्हां आलेला दिसला. त्याचा अर्थ कळत नाहीं, असें त्यांनीं प्रांजळपणें लिहून ठेविलें. पुढें स्पेन देशांत समुद्रकांठच्या मिठागरांतील जंतूंचा अभ्यास करतांना फ्रान्सिस्को मोहिका ह्या तरुण संशोधकास तसाच प्रकार आढळला. मिठागरांतील जंतूचा अभ्यास! "ह्याचा उपयोग काय?" असें त्यालाहि कोणी विचारलें असतें, तर तो बिचारा काय सांगणार होता? तरी तो वर्षानुवर्षें त्या एका कोड्याच्या मागें लागला. त्या पुनरुक्तीच्या मधला मजकूर जंतूंवर हल्ला करणाऱ्या विषाणूंचा आहे, म्हणजे जंतू आपल्या शत्रूंची ओळख टिपून ठेवीत असावेत, हें त्यानें ताडलें. त्याचा लेख अनेक नामांकित नियतकालिकांनीं साभार परत केला. अखेर तो २००५ सालीं छापला गेला. दूध विरजणाऱ्या जंतूंवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनीं २००७ सालीं ही गोष्ट प्रयोगानें सिद्ध केली. आणि २०१२ सालीं एमान्युएल शार्पांतिए व जेनिफर डाउडना ह्या दोन विदुषींनीं त्याच जंतूंच्या संरक्षणव्यवस्थेपासून जनुक हव्या त्या जागीं कापणारी कात्री तयार केली. तिला क्रिस्पर असें म्हणतात. २०२० सालीं ह्या दोघींस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

मग ह्या दोन प्रवाहांचा संगम झाला. रोग्याच्या रक्ताच्या मूळपेशी काढून घ्यावयाच्या, क्रिस्परच्या कात्रीनें त्यांतील तो पहारेकरी दूर करावयाचा, आणि त्या पेशी त्याच रोग्याच्या शरीरांत परत सोडावयाच्या, अशी ही उपचारपद्धति आहे. कॅसजेव्ही नांवाच्या ह्या उपचारास २०२३ च्या नोव्हेंबरांत ब्रिटननें व डिसेंबरांत अमेरिकेनें परवानगी दिली. ज्या ३१ रोग्यांवर पुरेसा काळ लक्ष ठेवतां आलें, त्यांपैकीं २९ जणांस लागोपाठ निदान बारा महिने तीव्र वेदनेचा एकहि झटका आला नाहीं. तेव्हां "ह्याचा उपयोग काय?" असें विचारणाऱ्या विद्यार्थ्याला माझें उत्तर असें, कीं उपयोग पुष्कळदां मागाहून येतो, आणि तो कोणत्या दारानें येईल हें आधीं सांगतां येत नाहीं. मिठागरांत वांकून पाहाणारा तो तरुण नसता, तर हें औषध आज कदाचित् नसतें.

येथें गोष्ट संपविली असती तर ती मोठी गोड झाली असती. परंतु ती संपत नाहीं. अमेरिकेंत ह्या उपचाराची किंमत एका रोग्यामागें २२ लाख डॉलर, म्हणजे सुमारें १८ कोटी रुपये, ठेवण्यांत आली. शिवाय नव्या पेशींस जागा करण्याकरितां जुना मज्जा जबर औषधांनीं नाहींसा करावा लागतो. रुग्णालयांत कित्येक आठवडे राहावें लागतें. पुढें अपत्य होण्यास बाधा येण्याचा धोकाहि असतो. इंग्लंडांत २०२५ सालीं तेथील सरकारी आरोग्यसेवेनें कांहीं रोग्यांकरितां हा खर्च उचलण्याचें मान्य केलें. पण ह्या रोगाचे बहुसंख्य रोगी आफ्रिकेंत व आपल्या देशांत आहेत, आणि त्यांतले बहुतेक गरीब आहेत. ज्या घरांत तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतच्या गाडीभाड्याची विवंचना, त्या घरास १८ कोटींचें औषध आणि आकाशींचा चंद्र हीं सारखींच. म्हणून माझें स्पष्ट मत आहे कीं, शोध लागणें व शोध पोहोंचणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरी होईपर्यंत पहिली पुरी झाली असें म्हणण्याचा आपणांस अधिकार नाहीं.

ह्यावर कोणी म्हणतील कीं, कंपन्यांनीं अपार द्रव्य व वर्षें खर्चिलीं, त्यांनीं तें भरून कां काढूं नये? हें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. श्रमाचें मोल मिळालेंच पाहिजे. पण ज्या ज्ञानावर तें औषध उभें आहे तें पुष्कळसें विद्यापीठांतून व सार्वजनिक पैशानें निर्माण झालेलें आहे. सर्वांच्या विहिरीचें पाणी भरून आणणाऱ्याला मजुरी मिळावी. पण विहिरीवर त्यानें कुलूप घालूं नये. म्हणूनच आपल्या देशांत स्वस्त उपचार निघावा ह्यासाठीं चाललेल्या प्रयत्नांचें मी मनापासून स्वागत करतों. २०२५ च्या नोव्हेंबरांत केंद्रीय वैज्ञानिक परिषदेच्या दिल्ली येथील जनुकसंस्थेनें विकसित केलेला 'बिरसा १०१' हा उपचार जाहीर झाला, व तो पुढें नेण्यासाठीं पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशीं सहकार्य ठरलें. मात्र घोषणा म्हणजे उपचार नव्हे, हें विसरतां कामा नये.

दुसरे कांहीं म्हणतील, कीं गरीब देशानें असल्या महागड्या संशोधनाच्या नादीं लागूंच नये. हेंहि मला पटत नाहीं. गरिबाच्या मुलाला उत्तम औषधाची आशा करण्याचा हक्क नाहीं, असें म्हणण्यासारखेंच तें आहे. परंतु उद्यांच्या मोठ्या औषधाची वाट पाहातां पाहातां आजचीं लहान औषधें विसरणें, हा मात्र खरा अपराध होय. बोटाच्या टोकांतून काढलेल्या थेंबभर रक्तानें ह्या रोगाची प्राथमिक परीक्षा होते. पेनिसिलिनच्या नियमित गोळ्यांनीं लहान मुलांतील एका घातक जंतुसंसर्गाचें प्रमाण चार पंचमांशांहून अधिक घटतें, हें १९८६ सालींच सिद्ध झालें आहे. हायड्रॉक्सियुरिया ह्या औषधानें वेदनेचे झटके कमी होतात, हें १९९५ सालापासून ठाऊक आहे. भारत सरकारनें १ जुलै २०२३ रोजीं शहडोल येथें ह्या रोगाच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. आदिवासी भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करावी व २०४७ पर्यंत हें संकट दूर करावें, असा तिचा संकल्प आहे. पण तपासणी झाल्यावर हातीं पडलेल्या कार्डाचा अर्थ घरोघर समजावून सांगणारें माणूस नसेल, आणि गोळ्या महिन्याच्या महिन्याला पाड्यावर पोहोंचत नसतील, तर तें कार्ड पेटींत तसेंच पडून राहील.

पालकांस येथें एक विनंती करावीशी वाटते. हा रोग कोणाच्या पापानें होत नाहीं, शिवल्यानें होत नाहीं, आणि केवळ आईकडून येतो हेंहि खोटें आहे. दोष आईबाप दोघांकडूनहि आला तरच मूल रोगी होतें. एकाकडूनच आला तर तें केवळ वाहक असतें व बहुधा निरोगी आयुष्य जगतें. दोन्ही आईबाप वाहक असल्यास प्रत्येक अपत्याच्या वेळीं रोगाचा संभव चारांत एक असतो. म्हणून लग्नापूर्वीं मुलाचें व मुलीचें, दोघांचेंहि, रक्त तपासावें. पण वाहक ठरलेल्या मुलीस नांवें ठेवून तिचें लग्न मोडूं नये. वाहकांस हिंवतापाच्या घातक प्रकारापासून संरक्षण मिळतें, हें अँथनी ॲलिसन ह्यांनीं १९५४ सालीं पूर्व आफ्रिकेंत दाखवून दिलें. ज्याला आपण कलंक म्हणतों, तें हिंवतापाच्या रानांत राहिलेल्या पूर्वजांचें कवच होतें. तें लपवून ठेवण्यासारखें कांहीं नाहीं. समजून घेण्यासारखें मात्र आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणी उद्यां प्रयोगशाळेंत जाईल. त्यानें मिठागरांतील त्या जंतूची आठवण ठेवावी, व आपलें कोडें क्षुद्र म्हणून टाकूं नये. परंतु तुमच्यापैकीं बहुतेकजण शास्त्रज्ञ होणार नाहींत. कोणी परिचारिका होईल, कोणी शिक्षक, कोणी औषधांच्या दुकानांत बसेल, कोणी सरकारी कचेरींत. त्यांनीं असें समजूं नये, कीं ह्या कार्यांत आपला वाटा नाहीं. हेरिकपासून डाउडनापर्यंत शंभरांहून अधिक वर्षें शोधाची वाट चालत आली आहे. शेवटचा कोस राहिला आहे, तो डांबरी सडक संपते तेथून पाड्यापर्यंतचा. तो चालून जाण्यास नोबेल पारितोषिक लागत नाहीं. ज्ञान थोडें आणि माणुसकी पुष्कळ लागते.