फुकट काम करणाऱ्यांना पैसे कशाला?

"अरे, व्हॉलंटियर म्हणजे फुकट काम करणारा. त्याला कसले पैसे द्यायचे? आणि द्यायचेच असतील तर सरळ नोकरी म्हणा की!"

हा प्रश्न माझ्या एका मित्राचा. विषय निघाला होता अमेरिकोर सीनियर्सचा. अमेरिकेत 55 वर्षांच्या वरच्या लोकांसाठी केंद्र सरकारच्या पैशावर चालणारे हे तीन व्हॉलंटियर कार्यक्रम. बजेटच्या दिवसांत यातले काही आजी-आजोबा आपल्या काँग्रेसमनच्या नाहीतर सिनेटरच्या ऑफिसात जातात आणि "आमचे पैसे कापू नका" असं सांगून येतात. मित्राला हे सगळं जाम विनोदी वाटलं. मला प्रश्न रास्त वाटला, कारण त्या ऑफिसात बसलेल्या माणसाच्या डोक्यातही नेमका हाच प्रश्न असतो. आणि माझं म्हणणं असं की, भेटायला जाणारे बहुतेक लोक नेमकं याचंच उत्तर देत नाहीत.

आधी हे कार्यक्रम काय आहेत ते थोडक्यात. सगळ्यात जुना फॉस्टर ग्रँडपेरेंट, 1965 चा, लिंडन जॉन्सनच्या गरिबीविरुद्धच्या मोहिमेतून निघालेला. यातल्या आजी-आजोबांचं काम म्हणजे शाळेत, बालवाडीत मागे पडलेल्या मुलांशेजारी बसून त्यांच्याकडून वाचून घेणं. आरएसव्हीपी 1971 चा. यात अन्नवाटपापासून टॅक्सचे फॉर्म भरून देण्यापर्यंत काहीही. आणि 1974 पासूनचा सीनियर कम्पॅनियन. यात एक धडधाकट म्हातारा दुसऱ्या थकलेल्या म्हाताऱ्याच्या घरी जातो, किराणा आणून देतो, डॉक्टरकडे घेऊन जातो, चार गप्पा मारतो. त्यामुळे तो दुसरा माणूस स्वतःच्या घरात राहू शकतो, नर्सिंग होममध्ये जावं लागत नाही.

या तिन्हींना मिळून 2024 च्या आर्थिक वर्षात काँग्रेसने साधारण 23 कोटी 70 लाख डॉलर दिले. आकडा मोठा वाटतो ना? त्याच वर्षी केंद्र सरकारचा एकूण खर्च होता सुमारे 6 लाख 75 हजार कोटी डॉलर. म्हणजे सरकारने खर्च केलेल्या दर लाख डॉलरमागे साडेतीन डॉलर.

आता मित्राचा प्रश्न. हे पैसे जातात कुठे?

फॉस्टर ग्रँडपेरेंट आणि सीनियर कम्पॅनियनमध्ये तासाला 4 डॉलरच्या आसपास स्टायपेंड मिळतो. तोही सगळ्यांना नाही. उत्पन्न गरिबीरेषेच्या दुपटीच्या आत हवं. 2025 च्या हिशोबाने एकट्या माणसासाठी ही मर्यादा वर्षाला 31,300 डॉलर होती. आरएसव्हीपीत तर स्टायपेंड नाहीच. उरलेले पैसे जातात कोऑर्डिनेटरच्या पगारात, विम्यात, बसभाड्यात आणि पार्श्वभूमी तपासण्यात. (लहान मुलांजवळ किंवा एकट्या म्हाताऱ्याच्या घरी कोणालाही असंच पाठवता येत नाही.) कोणाला कुठल्या शाळेत पाठवायचं, आज आजी आजारी आहेत तर त्या जागी कोण, शिक्षिकेची तक्रार काय आहे, हे सगळं बघणारा एक पगारी माणूस लागतोच.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. 2014 मध्ये हार्टब्लीड नावाचा बग सापडला तेव्हा जगाला कळलं की निम्म्या इंटरनेटची कुलपं ज्या ओपनएसएसएलवर अवलंबून आहेत, त्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस जेमतेम एक होता. आणि त्यांना देणग्या मिळत होत्या वर्षाला साधारण 2000 डॉलर! तोवर सगळे म्हणत होते, ओपन सोर्स आहे, फुकट आहे, मजा आहे. वापरणाऱ्याला फुकट असलं तरी ते चालवणाऱ्याच्या घराचं भाडं कोणीतरी भरत असतं. नसेल भरत, तर त्याची किंमत एक दिवस भलतीकडेच निघते.

असो. आता त्या भेटीकडे येऊ.

ज्यांनी असली भेट कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी: तुम्हाला प्रत्यक्ष काँग्रेसमन भेटेलच असं नाही. बऱ्याचदा भेटतो त्याच्या ऑफिसातला पंचविशीचा पोरगा किंवा पोरगी, हातात वही, आणि तुमच्याकडे असतात पंधरा मिनिटं. तुमच्या आधी कॅन्सर संशोधनवाले येऊन गेलेले असतात, नंतर शेतकरी यायचे असतात. काँग्रेसमन नाही भेटला म्हणून हिरमुसू नका. बॉसला दोन ओळींची टिपणी लिहून देणारा हाच पोरगा आहे.

या पंधरा मिनिटांत हमखास पुढे केला जातो तो एक कागद. त्यावर गणित असतं: व्हॉलंटियरच्या एका तासाची किंमत इंडिपेंडंट सेक्टर या संस्थेने 2024 सालासाठी काढली आहे 34.79 डॉलर. गुणिले एवढे तास. बरोबर एवढे कोटी. म्हणजे बघा, सरकारला एका डॉलरमागे किती फायदा!

मला हा कागद आवडत नाही. आकडा खोटा आहे म्हणून नव्हे. तो चुकीच्या प्रश्नाचं उत्तर आहे म्हणून. काम मौल्यवान आहे हे त्या पोराला मान्यच असतं. कोण म्हणेल की मुलांना वाचायला शिकवणं वाईट आहे? त्याचा प्रश्न वेगळा आहे: सरकारने पैसे दिले नाहीत तर हे काम थांबेल का? लोक तसेही मंदिरात, चर्चमध्ये, लायब्ररीत फुकट काम करतातच की. आणि तुमचा कागद जितक्या जोरात "फुकट, फुकट" ओरडतो, तितकी त्याची शंका पक्की होते.

खरं उत्तर असं आहे: सगळ्यांचं थांबणार नाही. काहींचं थांबेल, आणि ते कोण आहेत ते बघा. पेन्शनीत निवांत असलेला निवृत्त इंजिनियर स्वतःच्या गाडीने येतच राहील. थांबेल ती एकटी राहणारी, बसने येणारी बाई. आठवड्याला 20 तासांचे तिला 80 डॉलर मिळतात. त्यात तिचं औषध नाहीतर विजेचं बिल निघतं. ती जिथे राहते त्याच भागातल्या शाळेत ती जाते, कारण तिथे चालत किंवा एका बसने जाता येतं. म्हणजे ती थांबली की नुकसान कोणत्या पोरांचं, हे सांगायला स्प्रेडशीट लागत नाही. पैसे काढून घेतले तर सेवा बंद पडणार नाही. ती फक्त सुखवस्तू लोकांनी सुखवस्तू भागात करायची गोष्ट होईल. 1965 मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला तो नेमका याच्या उलट कारणासाठी.

यावर एक आक्षेप डावीकडून येतो, तोही ऐकण्यासारखा आहे. तासाला 4 डॉलर म्हणजे 7.25 च्या केंद्रीय किमान वेतनापेक्षाही कमी. ही म्हाताऱ्यांची स्वस्त मजुरी नाही का? अंशतः पटतं, आणि स्टायपेंड वाढवावा या मताचा मी आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. कायद्याने हा स्टायपेंड उत्पन्नात धरला जात नाही. त्यामुळे बाईंची सरकारी अन्नमदत कापली जात नाही. त्याच पैशाला पगार म्हटलं तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने जाऊ शकतं. मित्राच्या "सरळ नोकरी म्हणा" चं उत्तर हे आहे.

"पण भेटून काही होतं का?" हा पुढचा प्रश्न. 2018 ते 2021 या चारही आर्थिक वर्षांच्या बजेटमध्ये राष्ट्राध्यक्षांचा प्रस्ताव होता की हे चालवणारी सरकारी संस्थाच बंद करावी. चारही वेळा काँग्रेसने पैसे दिले. फक्त भेटींमुळे दिले असं मी म्हणणार नाही. पण इथे तिजोरीची किल्ली काँग्रेसच्या हातात असते, आणि तिथला माणूस आपल्या मतदारसंघातल्या शाळेचं नाव ऐकून जागा होतो.

2025 मध्ये प्रकरण जास्त गंभीर झालं. एप्रिलमध्ये सरकारने अमेरिकोरची जवळजवळ 40 कोटी डॉलरची अनुदानं अचानक रद्द केली आणि बहुतेक कर्मचाऱ्यांना रजेवर पाठवलं. दोन डझन राज्यं कोर्टात गेली. जूनमध्ये न्यायाधीशांनी त्या राज्यांपुरती अनुदानं परत सुरू करायला सांगितली. त्यांनी बोट ठेवलं ते काँग्रेसच्या खर्चमंजुरीच्या कायद्यातल्या एका अटीवर: कार्यक्रमात मोठे बदल करायचे तर आधी जाहीर सूचना देऊन लोकांची मतं मागवा. एवढीच अट. म्हणजे आकड्याइतकंच बिलातल्या वाक्यालाही महत्त्व आहे. भेटायला जाल तेव्हा "पैसे तेवढेच ठेवा" यासोबत "ती अट पण ठेवा" हेही मागा.

आता आपल्यासारख्यांनी काय करायचं? इथे राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी अनेकांना मत देता येत नाही. पण जनगणनेत आपलं डोकं मोजलं जातं आणि आपण टॅक्स भरतो, तेव्हा आपल्या भागाच्या काँग्रेसमनच्या ऑफिसात जायला कोणी अडवत नाही. शेजारच्या व्हॉलंटियर आजींना सोबत घेऊन जा. एक नियम मात्र पाळा: सेवेच्या तासांत आणि अनुदानाच्या पैशाने लॉबिंग करायला बंदी आहे. तेव्हा त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, आपल्या गाडीने. ऑगस्टमध्ये खासदार बरेचदा गावीच असतात, वॉशिंग्टनला जायची गरज नाही.

आणि पॉवरपॉइंट घरी ठेवा :) त्या पंधरा मिनिटांतली दहा आजींना बोलू द्या: कुठली शाळा, किती मुलं, घरून कसं जाता, पैसे बंद झाले तर काय कराल. उरलेल्या पाचात तुम्ही नेमका आकडा आणि नेमकं वाक्य मागा. दुसऱ्या दिवशी त्या पोराला चार ओळींची इमेल टाका, आणि महिन्याभराने उत्तर आलं का ते विचारायला फोन करा.